काचेखालची केळ

शिकागोत जानेवारीत साडेचारलाच अंधारून येतं, पारा शून्याखाली, आणि सूर्य आठवड्यातून एकदा उपकार केल्यासारखा तोंड दाखवतो. अशा दिवसांत इथली माणसं, त्यात आपली मराठीही आली, गारफील्ड पार्क कॉन्झर्व्हेटरीत, म्हणजे तिथल्या मोठ्या काचघरात, जाऊन बसतात. आत पाऊल टाकलं की आधी चष्म्यावर धुकं, मग ओल्या मातीचा वास, आणि चष्मा पुसून बघावं तर ताड, नेचे, पुढे गेलं की ऊस, कोको, केळ. आई पहिल्यांदा आली तेव्हा म्हणाली, "एवढं विमानाचं तिकीट काढून मला केळ दाखवायला आणलंस होय?" आणि मग तासभर बाकावरून उठायला तयार नाही.

तर या केळीला डोक्यावर काच कधी आणि का मिळाली, ते जरा मागे जाऊन बघण्यासारखं आहे, कारण सुरुवातीला यात सामान्य माणसाला हिवाळ्यात बरं वाटावं वगैरे काही भानगड नव्हती. मूळ हौस संत्र्यांची. सतराव्या शतकात युरोपातल्या राजेरजवाड्यांना दाराशी संत्री-लिंबं हवी होती, आणि ती तिथल्या थंडीत टिकत नाहीत. मग ऑरेंजरी नावाच्या इमारती आल्या, जाड दगडी भिंती, दक्षिणेला मोठाल्या खिडक्या. व्हर्सायची भव्य ऑरेंजरी १६८० च्या दशकातली, लाकडी पेट्यांतली झाडं उन्हाळ्यात बाहेर आणि थंडीत आत, आपण पावसात वाळवण आत-बाहेर करतो तसं. पण वरून छप्पर बंद, त्यामुळे संत्री कशीबशी थंडी काढायची इतकंच, जंगल वाढवायचं तर डोक्यावरूनही उजेड हवा, म्हणजे काच हवी, आणि इंग्लंडात काचेवर वजनाप्रमाणे कर होता. तो गेला १८४५ मध्ये.

पण ज्यांच्याकडे पैसा होता ते करासाठी थोडेच थांबणार! डर्बीशायरमधल्या चॅट्सवर्थला डेव्हनशायरचे सहावे ड्यूक, आडनाव कॅव्हेंडिश, आणि त्यांचा माळी जोसेफ पॅक्स्टन. माळी म्हणायचं पण बुद्धी इंजिनियरची. १८३६ ते १८४० मध्ये त्याने तिथे 'ग्रेट स्टोव्ह' नावाचा काचेचा महाल बांधला, सुमारे २७७ फूट लांब, ६७ फूट उंच, आतून घोडागाडी जाईल एवढा, आणि जमिनीखाली बॉयलर, त्यांना कोळसा पुरवायला वेगळी भुयारी रूळवाट, म्हणजे वरच्या हिरवळीत धूर-राख कुणाला दिसू नये. गरम पाण्याचे पाइप ही खरी क्रांती, कारण त्याआधी शेगडीच्या धुराने आणि कोरड्या उष्णतेनेच झाडं मरायची. १८४३ च्या डिसेंबरात राणी व्हिक्टोरिया बघायला आली तेव्हा आत हजारो दिवे लावले होते आणि तिची बग्गी झाडांमधून गेली. ऐन थंडीत!

या माळ्याने मॉरिशसहून इंग्लंडात आलेलं केळीचं एक रोप मिळवलं होतं. १८३५ च्या नोव्हेंबरात ते चॅट्सवर्थला निसवलं, पुढे घड धरला, आणि मालकाच्या आडनावावरून जात झाली कॅव्हेंडिश. आपल्या जळगावची बसराई याच गटातली, आणि हल्ली सगळीकडे लावतात ती टिश्यू कल्चरची ग्रँड नैनसुद्धा. म्हणजे खानदेशातल्या केळीला इंग्रज सरदाराचं आडनाव, आणि तेही काचेच्या खोलीत चिकटलेलं, याची मला दर वेळी गंमत वाटते.

झाडं आणण्याचा मामला मात्र इतका गोड नाही. १८३५ मध्ये ड्यूकने जॉन गिब्सन नावाच्या माळ्याला कलकत्त्याला धाडलं, तो खासी टेकड्यांतून पोतडीभर ऑर्किडं घेऊन १८३७ मध्ये परत. त्याच सुमारास लंडनचा डॉक्टर नॅथॅनियल वॉर्ड याला बंद बाटलीत नेचा आपोआप वाढलेला दिसला, त्यावरून काचेची बंद पेटी निघाली, आणि समुद्रावर रोपं जगायला लागली. चीनचा चहा हिमालयात आणि दक्षिण अमेरिकेचा सिंकोना (ज्याच्या सालीपासून हिवतापावरचं क्विनीन निघतं तो) निलगिरीत पोचवायला याच पेट्या वापरल्या. शोभेची हौस आणि साम्राज्याचा धंदा एकाच पेटीत, अक्षरशः.

लोकांसाठी दार उघडलं ते लंडनच्या क्यू बागेमुळे. १८४० मध्ये ती राजघराण्याकडून देशाच्या ताब्यात आली आणि १८४४ ते १८४८ मध्ये लोखंड-काचेचं पाम हाऊस उभं राहिलं. पुढे पॅक्स्टनने लंडनमधल्या १८५१ च्या जागतिक प्रदर्शनासाठी लोखंड-काचेचा क्रिस्टल पॅलेस बांधला आणि काचघर ही फॅशनच झाली, इतकी की बंगळुरूच्या लालबागेतही १८८९ मध्ये एक उठलं, जिथे झाडांना थंडीची भीतीच नाही (ते पुष्पप्रदर्शनांना उपयोगी पडलं, ते सोडा). मुंबईत राणीची बाग १८६२ ची, तिथे वरती नुसतं आभाळ, पुरतं की.

शिकागोचं काचघर १९०८ चं. डेन्मार्कहून आलेला जेन्स जेन्सन, पश्चिम भागातल्या बागांचा प्रमुख. प्रत्येक बागेत एकेक मोडकळीला आलेलं छोटं हरितगृह ठेवण्यापेक्षा सगळ्यांचं मिळून एक मोठं बांधू म्हणाला. आकार राजवाड्याचा नाही, गवताच्या गंजीचा, मिडवेस्टच्या शेतात दिसते तशी. आत कुंड्यांच्या रांगाही नाहीत, झाडं जमिनीत, मध्ये डबकं, थरांचे दगड, धबधबा. गवंड्याने धबधबा डोंगरातल्यासारखा कोसळता केला तर जेन्सनने त्याला संगीतकार मेंडेल्सनची वसंतावरची पियानोची रचना ऐकून ये म्हणून पाठवलं, असा किस्सा सांगतात. खरा असो नसो, पाणी मात्र खरंच हळू झिरपतं.

या सगळ्याचा जीव त्या पाइपांत. पहिल्या महायुद्धात कोळसा मिळेना तेव्हा ग्रेट स्टोव्हमधली झाडं गेली, आणि १९२० मध्ये ती अख्खी इमारत पाडली. शिकागोतही १९९४ च्या जानेवारीत हीटिंगने दगा दिला आणि एका दालनातली बरीच झाडं गारठून गेली. २०११ च्या जूनमध्ये तर गारांनी छप्परच फोडलं, नेच्यांवर काचांचा सडा, दुरुस्ती काही वर्षं चालली. आता पुन्हा उघडं आहे. आईला यंदा परत जायचंय, म्हणते ऊस बघायचा राहिला.