व्हिटेलियसचा चेहरा नक्की कुणाचा?

इटलीतल्या मान्तुआचा ड्यूक फेदेरिको गोन्झागा याने आपल्या राजवाड्यातल्या एका दालनासाठी चित्रकार तिशियानकडून रोमन सत्ताधीशांची अकरा चित्रे काढून घेतली. काळ साधारण १५३६ ते १५४०. चित्रांना आधार होता रोमन चरित्रकार सुएटोनियसने लिहिलेल्या बारा सीझरांच्या, म्हणजे रोमन सत्ताधीशांच्या, चरित्रांचा. त्यातली सत्ता मोठी जीवघेणी आहे. त्यातला सम्राट टायबेरियस म्हणतो, मी लांडग्याचे कान धरून बसलो आहे. सम्राट डोमिशियनची तक्रार वेगळीच: राज्यकर्त्याला कटाचा सुगावा लागला तरी त्याचा खून होईपर्यंत कुणी विश्वास ठेवत नाही.

पण दीड हजार वर्षांपूर्वीचे चेहरे आणायचे कुठून? नाण्यावर चेहऱ्याभोवती नाव असते, म्हणून ओळख पक्की. मात्र चेहरा नखाएवढा आणि एकाच बाजूचा. संगमरवरी पुतळ्यात पूर्ण चेहरा मिळतो, पण बहुतेकांवर नावच नसते. मग नाणे पुतळ्याशेजारी धरायचे आणि नाक, हनुवटी, मान जुळवत बसायचे. ही पद्धत अभ्यासक आजही वापरतात.

व्हेनिसला १५२३ मध्ये कार्डिनल दोमेनिको ग्रिमानीच्या संग्रहातून एक अर्धपुतळा मिळाला. फुगलेले गाल, दुहेरी हनुवटी. नाण्यावरच्या सम्राट व्हिटेलियसशी इतके साम्य की कुणाला शंकाच आली नाही. इ. स. ६९ मध्ये जेमतेम आठ महिने राज्य केलेला, खादाड म्हणून बदनाम झालेला आणि शेवटी ज्याचे प्रेत टायबर नदीत फेकले गेले, तो हाच, असे सर्वांनी धरले. तिशियानने त्यावरून चित्र रंगवले, चित्रकार तिंतोरेत्तोच्या चित्रशाळेत त्याची रेखाटने झाली. चेहऱ्यावरून स्वभाव सांगणाऱ्या देल्ला पोर्ताने १५८६ च्या ग्रंथात व्हिटेलियसचा हाच चेहरा पुरावा म्हणून छापला.

आज घडणीच्या शैलीवरून हा पुतळा सम्राट हेड्रियनच्या काळातला, म्हणजे व्हिटेलियसनंतर पन्नासहून अधिक वर्षांनी घडवलेला मानतात. तो कोणा अनामिक रोमन माणसाचा असावा. मला हे फार महत्त्वाचे वाटते: साम्य खरे होते, पण साम्य म्हणजे ओळख नव्हे. सत्तेने पोखरलेला माणूस लोकांना तिथे दिसला, कारण ते चरित्र आधीच वाचून आले होते.

पुढे तिशियानची ही चित्रे इंग्लंडचा राजा पहिल्या चार्ल्सने विकत घेतली. समुद्रप्रवासात जहाजावरच्या पाऱ्याने व्हिटेलियसचे चित्र खराब झाले आणि चित्रकार व्हॅन डाइकने ते नव्याने काढले. १६४९ मध्ये चार्ल्सचाच शिरच्छेद झाला. मग चित्रे स्पेनच्या राजाकडे गेली आणि १७३४ मध्ये माद्रिदच्या राजवाड्याच्या आगीत जळाली. एगिडियस साडेलरने त्याआधीच केलेल्या छापचित्रांमुळे आणि इतर नकलांमुळे ती कशी होती हे आपल्याला कळते.