चार भोकं, एक इंच आणि जुनी मस्टँग

कॅरोल शेल्बीच्या कंपनीने फोर्डच्या मस्टँगमध्ये बदल करून बनवलेल्या 1965 च्या शेल्बी जीटी 350 बद्दल बोलताना लोक आधी इंजिनाचा विषय काढतात. 4.7 लिटरचं व्ही-8, नवा कार्ब्युरेटर, मोकळा एक्झॉस्ट, त्यामुळे 271 ची 306 अश्वशक्ती झाली. आकडा रुबाबदार आहे, पण या गाडीतलं खरं शहाणपण मला पुढच्या चाकांवरच्या चार भोकांमध्ये दिसतं.

फोर्डने 1964 च्या एप्रिलमध्ये आणलेली मूळ मस्टँग दिसायला देखणी असली, तरी तिचा पाया फाल्कन या साध्या घरगुती मोटारीचा होता. जड व्ही-8 पुढच्या चाकांवर बसलेलं. वळणावर गाडी बाहेरच्या बाजूला कलायची आणि बॉडीबरोबर बाहेरचं पुढचं चाकही कलायचं. मग टायर रस्त्यावर सपाट न टेकता बाहेरच्या कडेवर यायचा. कडेवर आलेल्या रबराची पकड सुटते. स्टिअरिंग वळवलं तरी गाडीचं नाक सरळच जात राहतं.

पुढचं प्रत्येक चाक खालच्या आणि वरच्या आर्मने, म्हणजे वर-खाली हलणाऱ्या दांड्यांनी, धरलेलं असतं. फोर्डचे इंजिनिअर क्लाउस आर्निंग यांनी सुचवलेला उपाय असा: वरचा आर्म बॉडीला जिथे बोल्टने जोडलेला असतो, ती जागा एक इंच खाली घ्या, म्हणजे दोन्ही बाजू मिळून चार नवी भोकं पाडा. त्यामुळे आर्मचा उतार बदलतो. गाडी कलून चाक बॉडीच्या तुलनेत वर सरकलं, की त्याचा माथा आत ओढला जातो. बॉडी बाहेर कलते, चाक आत झुकतं आणि टायर बराचसा सपाट राहतो. एकही नवा सुटा भाग न लावता मिळालेली ही पकड आहे. भूमितीची इतकी स्वस्त आणि नेमकी करामत मोटारींमध्ये क्वचितच सापडते.

मागचा प्रश्न वेगळा होता. ट्रकला असतात तसे पाटे आणि अखंड एक्सेल. जोरात ॲक्सिलरेटर दाबला की चाकं पुढे फिरतात आणि एक्सेलचं कवच उलट्या दिशेला पिळलं जातं. पाटे इंग्रजी एस अक्षरासारखे वाकतात, झटक्याने सुटतात, पुन्हा वाकतात. चाकं रस्त्यावर थडथड उडू लागतात. शेल्बीच्या लोकांनी एक्सेलच्या वरून बॉडीपर्यंत दांडे टाकून ही पिळण रोखली. सोबत कडक कोनी शॉक ॲब्सॉर्बर आणि पुढे बॉडीचं कलणं कमी करणारा जाडजूड अँटी-रोल बार.

गाडी आरामाची राहिली नाही. स्टिअरिंग झटपट पण जड, मागची सीट गायब, आणि मागच्या दोन चाकांना ताकद वाटणाऱ्या, लॉक होणाऱ्या डिफरन्शियलचा वळणावर खट्ट आवाज. पण केन माइल्ससारख्या ड्रायव्हरने तिच्यावर घासूनपुसून काम केलं आणि अमेरिकेच्या एससीसीए (स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका) शर्यतींमध्ये बी-प्रॉडक्शन गटाचं विजेतेपद तिने 1965 ते 1967 सलग मिळवलं.

1966 मध्ये खर्च वाचवण्यासाठी वरचा आर्म खाली घेण्याचा हा बदल कारखान्यातून बंद झाला. आज मात्र साध्या जुन्या मस्टँगचे मालक पत्र्याचा साचा लावून, ड्रिलने तीच भोकं पाडतात आणि मग अलाइनमेंट नव्याने करून घेतात. अलाइनमेंटचे फोर्डचे मूळ आकडे त्या काळच्या बायस-प्लाय, म्हणजे आतले धागे तिरपे असलेल्या, टायरसाठी होते. आजच्या रेडियल टायरवर चाकांचा माथा किंचित आत झुकवलेला ठेवला, तरच एका इंचाचा पूर्ण फायदा मिळतो.