वावरातला रोडगा टिकला, हुरडा मागे पडला

थंडी पडली की वऱ्हाडात निरोप येतो, "रविवारी वावरात या." काय बेत आहे हे कोणी विचारत नाही. रोडगे म्हणजे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेले कणकेचे गोळे, वांग्याची भाजी, वरण आणि वरून तूप. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी याच निरोपाचा अर्थ बऱ्याचदा हुरडा असा असायचा. हा बदल कसा झाला ते समजायचं तर वावरात काय पिकत होतं आणि गोठ्यात काय होतं, तिथून सुरुवात करावी लागते.

कोवळं धान्य शेतातच भाजून खाणं फार जुनं आहे. सोळाव्या शतकातल्या भावप्रकाश या आयुर्वेदाच्या ग्रंथात गवत पेटवून भाजलेल्या अर्धपक्व गव्हाच्या लोंबीला 'उंबी' आणि तशाच भाजलेल्या शेंगांच्या दाण्यांना 'होलक' म्हटलं आहे. आपण आजही गव्हाच्या ओंब्या आणि हरभऱ्याचा होळा म्हणतो. हुरडा त्याच घरातला. पीक राखायला जागलीवर असलेल्या माणसाला वावरातच भूक लागायची. समोर दुधाळ कणसं, पायाशी वाळलेल्या गोवऱ्या. खड्डा करून आगटी पेटवायची, निखाऱ्यात कणसं खुपसायची आणि गरम असतानाच तळहातावर चोळायची. सोबत गूळ आणि जवसाची चटणी. पाहुणे आले तर त्याच आगटीभोवती बसायचे.

वऱ्हाडात ज्वारी मुख्यतः खरिपाची, त्यामुळे हुरडा दिवाळीच्या आगेमागे येई. कापूस आणि ज्वारी ही इथली जोडी होती. कापसाने पैसा यायचा. ज्वारीने माणसाला भाकर आणि बैलाला कडबा मिळायचा. १९६४ मध्ये सीएसएच-१ हे ज्वारीचं पहिलं संकरित वाण आलं. दाण्याचं उत्पन्न वाढलं, पण ज्वारीचा धांडा बुटका झाला आणि हुरड्याची गोडी देशी वाणांतच राहिली. पुढे सोयाबीन आलं. ते लवकर निघतं, रोख पैसा देतं आणि त्याच वावरात हरभरा पेरायला मोकळीक देतं. रानडुकरांनी आणि पाखरांनी ज्वारी राखणं अवघड केलं, ट्रॅक्टर आल्यावर बैल कमी झाले आणि कडब्याची गरजही कमी झाली. एकट्याने ज्वारी पेरली तर सगळ्या शिवारातली पाखरं त्याच्याच वावरात उतरतात, म्हणून मग तोही पेरत नाही. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने खास हुरड्यासाठी वाण काढले आहेत, तरी दर कुंपणाआड हुरडा मिळण्याचे दिवस गेले. याचं मला खरंच वाईट वाटतं.

रोडग्याचं तसं झालं नाही, कारण तो मुळात पिकाच्या हंगामाला बांधलेला नव्हता. तो देवाला बांधलेला होता. संत एकनाथांच्या भारुडातली सासुरवाशीण भवानीआईला रोडगाच कबूल करते. चंपाषष्ठीला खंडोबाला वांग्याचं भरीत आणि रोडगा लागतो. चातुर्मासात वांगं न खाणारी घरं त्या दिवसापासून ते खाऊ लागतात. आमच्याकडे मारुतीला, महादेवाला, धुऱ्यावरच्या म्हसोबाला नवसाचे रोडगे होत. रोजच्या ताटात ज्वारीची भाकर असे आणि गहू सणावाराचा, म्हणून गव्हाच्या रोडग्याला मान होता. नवस फेडायचा तर गावजेवणच, मग स्वयंपाक देवळापाशी नाहीतर झाडाखाली. रेशनमुळे आणि ओलितामुळे गहू घरोघरी रोजचा झाला, नवसाचं निमित्त मागे राहिलं आणि रोडगे कोणत्याही रविवारी होऊ लागले. 'पार्टी' हा शब्द त्याला नंतर चिकटला.

करण्याची रीत मात्र तशीच आहे. कणीक जाडसर दळलेली, त्यात मीठ, ओवा, तेलाचं मोहन. घट्ट मळायची. एक लहान गोळा, त्यावर तेल लावलेली पारी, त्यावर दुसरी, असे तीन-चार पदर एकात एक बंद करायचे. गोवऱ्यांचा जाळ बसून लाल निखारा झाला की गोळे त्यात सोडायचे. वांगी, बटाटे फोडणीला टाकून दुसऱ्या चुलीवर भाजी शिजत असते. रोडगे उलटणं बहुतेक पुरुषांचं काम, आणि तिथे उभा असलेला प्रत्येक जण सल्ला देतो: "पलटव ना बाप्पा, जयते ते!" गेल्या वर्षी आमच्या वावरात काकांनी एक रोडगा बाहेर काढला, पोत्यावर आपटून राख झाडली आणि दोन्ही अंगठ्यांनी फोडला. आतला सगळ्यात लहान गोळा पांढराच होता, वाफही धड निघाली नाही. काही न बोलता त्यांनी सगळे रोडगे गरम राखेत पुरले आणि पाऊण तास कोणालाही हात लावू दिला नाही. त्या पाऊण तासात पोरांनी बांधावरची बोरं संपवली, आणि वर्षभर एकमेकांशी अबोला धरलेले दोन चुलत भाऊ बादलीत वरण घोटायला एकत्र बसले. मग पळसाच्या पत्रावळी मांडल्या. कुस्करलेल्या रोडग्यात आळं करून त्यात तूप ओतलं, ते आत जिरेपर्यंत भाजी आली.

बैल गेले तेव्हा ज्वारीसोबत गोवऱ्याही कमी झाल्या, एवढी एक गोष्ट रोडग्यालाही चुकली नाही. आमच्या गावात आता मोजक्याच घरी जनावरं आहेत. बेत ठरला की किराण्याच्या यादीआधी त्यांच्याकडे फोन जातो: "काकू, रविवारी गवऱ्या पायजेत, दोनशे तरी."