व्याज, हिस्सा की उत्सुकता?

‘इंटरेस्ट’ हा इंग्रजी शब्द ऐकला की आपल्याला आधी आठवते ती आवड किंवा उत्सुकता. अर्थकारणाच्या इंग्रजी बातम्यांत मात्र हा अर्थ शोधावा लागतो. १९९४ साली रिबेका ब्रूस आणि जॅनिस वीबी या संशोधकांचा, याच शब्दाचा नेमका अर्थ संगणकाने कसा ओळखावा, यावरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यासाठी ‘वॉल स्ट्रीट जर्नल’मधली दोन हजारांहून जास्त वाक्यं घेतली होती आणि लाँगमनच्या शब्दकोशातल्या सहा अर्थांपैकी कोणता अर्थ कुठे लागतो, हे प्रत्येक वाक्यापुढे नोंदलं होतं.

सुमारे ५३ टक्के वाक्यांत अर्थ निघाला व्याज, तर २१ टक्के ठिकाणी कंपनीतला हिस्सा. उत्सुकतेच्या वाट्याला आले जेमतेम १५ टक्के. त्याखाली हित, मग छंद. एखाद्या गोष्टीतला रंजकपणा, हा अर्थ तर एक टक्काही नाही! दुसऱ्या प्रकारचं वृत्तपत्र घेतलं असतं तर हे आकडे नक्कीच बदलले असते. शब्दकोश अर्थांची यादी देतो, पण त्यातला कोणता अर्थ किती चालतो हे छापणाऱ्याच्या विषयावर ठरतं.

याचा एक गमतीदार परिणाम असा, की डोळे मिटून दर वेळी ‘व्याज’ म्हणणारं यंत्रसुद्धा या वाक्यांत निम्म्याहून जास्त वेळा बरोबर ठरेल. खरी परीक्षा त्यापुढे सुरू होते. ब्रूस आणि वीबी यांच्या पद्धतीने शेजारच्या शब्दांची व्याकरणातली जात, शब्द एकवचनी की अनेकवचनी, आसपास ठरावीक शब्द आहेत का, एवढंच पाहिलं आणि ७८ टक्के वाक्यांत अर्थ बरोबर ओळखला. दोनच वर्षांनी दुसऱ्या एका पद्धतीने हे प्रमाण ८७ टक्क्यांवर नेलं.

शेजारी मोठे बोलके असतात. पुढे ‘रेट’ आला की व्याज, मागे ‘पब्लिक’ आला की बहुधा हित. पण ‘पर्सेंट’ फसवतो. ‘वीस पर्सेंट इंटरेस्ट’ एवढ्यावरून काय समजायचं? त्यापुढे ‘इन’ आणि कंपनीचं नाव असेल तर तो हिस्सा, कर्जाची गोष्ट चालली असेल तर व्याज. क्रियापदही निकाल फिरवतं. एखाद्या कंपनीत ‘इंटरेस्ट’ विकत घेतला तर मालकीचा वाटा मिळाला; नुसता दाखवला तर अजून काहीच घडलेलं नाही. ‘शॉर्ट इंटरेस्ट’ तर त्या सहा अर्थांत नीट बसतच नाही. उसने घेऊन विकलेले आणि अजून परत न केलेले शेअर, असा तो बाजारातला खास शब्द आहे.

माणसाला हे सगळं कळतं कसं? मानसशास्त्रज्ञ डेव्हिड स्विनी यांनी १९७९ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात लोकांना ‘बग’ हा शब्द असलेला मजकूर ऐकवला. बग म्हणजे किडा, आणि चोरून ऐकण्यासाठी लपवलेलं यंत्रही. मजकुरात कोळी आणि झुरळं होती, म्हणजे किडाच अभिप्रेत होता. शब्द कानावर पडताच पडद्यावर दुसरा शब्द दाखवला, तेव्हा ‘मुंगी’ लवकर ओळखली गेली, आणि ‘हेर’सुद्धा! तीनेक अक्षरं पुढे गेल्यावर दाखवलं, तर फक्त ‘मुंगी’चाच फायदा उरला होता. म्हणजे मेंदूने आधी दोन्ही अर्थ जागे केले आणि मग नको तो सोडून दिला. हे इतक्या झटपट होतं की वाचकाला पत्ताही लागत नाही.

यंत्रांना इथवर यायला वेळ लागला. २०१३ च्या सुमाराला गाजलेल्या पद्धतींत प्रत्येक शब्दाचा अर्थ यंत्राला कळावा म्हणून आकड्यांची एकच माळ असे. त्यात व्याज, हिस्सा आणि छंद सगळं एकत्र कालवलेलं. २०१८ मध्ये आलेल्या ‘बर्ट’सारख्या संगणकी भाषा-मॉडेलांत ही माळ वाक्यागणिक नव्याने तयार होऊ लागली. तरीही ‘बँकेचा त्या कंपनीतला इंटरेस्ट’ एवढाच तुकडा हाती दिला, तर तो हिस्सा की नुसती उत्सुकता, हे यंत्र सांगू शकणार नाही. माणूसही नाही, कारण ते ठरवायला लागणारं क्रियापद त्यात नाहीच.