ईस्टरच्या सणात रंगीत अंडं आलं कुठून?

2024 साली 30 मार्चला इंदूरच्या राजवाड्यावर रंगपंचमीची गेर, म्हणजे रंग उधळत जाणारी मिरवणूक, निघाली आणि दुसऱ्याच दिवशी, रविवारी, शहरातल्या चर्चमध्ये ईस्टर साजरा झाला. दोन्ही सणांचं गणित त्या वर्षी एकाच चंद्रावर बेतलेलं होतं. 21 मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पहिल्या पौर्णिमेनंतरचा रविवार म्हणजे ईस्टर, आणि ती पौर्णिमा होळीचीच होती.

ईस्टर हा येशूच्या पुनरुत्थानाचा सण. त्यात अंडं कसं शिरलं, असं विचारलं की 'नवजीवनाचं प्रतीक' असं ठरलेलं उत्तर मिळतं. ते खरं आहे, पण अपुरं आहे. आधी स्वयंपाकघरात डोकवायला हवं. ईस्टरपूर्वी चाळीस दिवसांचा उपवासकाळ असतो. मध्ययुगात तो कडक पाळला जाई. मांसाबरोबर अंडीही वर्ज्य असत. 692 साली कॉन्स्टँटिनोपलला भरलेल्या धर्मपरिषदेने तसा नियमच घालून दिला होता. आपण चातुर्मासाआधी कांदेनवमीला कांद्याची हौस भागवून घेतो ना, तशीच इंग्लंडात उपवासाच्या आदल्या मंगळवारी घरातली अंडी पॅनकेकमध्ये संपवत. पण वसंतात कोंबड्या भरभरून अंडी घालायच्या. ती साठत, आणि उपवास सुटला की त्यांचीच मेजवानी होई. उकडताना पाण्यात कांद्याच्या साली टाकल्या की कवचावर सुरेख तांबूस रंग चढतो. रंगासाठी एवढंही पुरायचं.

राजघराण्यांत मात्र थाट वेगळा. इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याच्या 1290 च्या हिशेबात 450 अंड्यांसाठी 18 पेन्सची नोंद आहे. ती रंगवून, सोन्याचा वर्ख लावून दरबारात वाटली गेली.

या साध्या खाद्यवस्तूला श्रद्धेने जो अर्थ दिला, तो मला फार मोलाचा वाटतो. बंद कवच म्हणजे येशूची दगडाने बंद केलेली कबर, आणि लाल रंग म्हणजे त्याचं रक्त. ग्रीसमध्ये गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी, गुरुवारी, अंडी लाल रंगवतात. ईस्टरला दोघं जण आपापली अंडी टोकाला टोक लावून आपटतात. एक म्हणतो, 'ख्रिस्त उठला आहे', दुसरा उत्तर देतो, 'खरोखर उठला आहे'. कवच फुटणं म्हणजे कबर उघडणं. रोमन कॅथलिक चर्चच्या 1614 च्या विधिग्रंथात तर अंड्यांना आशीर्वाद देण्याची खास प्रार्थनाच आहे.

ईस्टरला जिच्यावरून नाव मिळालं असं म्हणतात, त्या एओस्त्रे नावाच्या जुन्या देवतेकडून हे सगळं उचललेलं आहे, असं हल्ली ठामपणे सांगितलं जातं. पण आठव्या शतकातल्या बीड या इंग्लिश भिक्षूने तिचं नाव, तिच्या नावाचा महिना आणि त्यात तिचे उत्सव होत, एवढंच लिहून ठेवलंय. अंड्याचा किंवा ईस्टरला मुलांसाठी अंडी आणतो असं मानतात त्या सशाचा त्यात उल्लेख नाही. त्या सशाची नोंद थेट 1682 मध्ये, जर्मनीत सापडते. एवढ्या तुटपुंज्या आधारावर ही गोष्ट उभी राहत नाही.

कलाकुसरीत युक्रेनच्या 'पिसांका' या नक्षीदार अंड्यांना तोड नाही. बारीक नळीच्या हत्याराने कच्च्या अंड्यावर वितळलेल्या मेणाची नक्षी काढतात. अंडं आधी पिवळ्या रंगात बुडवायचं. जिथे पिवळा राखायचा तिथे मेण, मग केशरी, मग लाल, शेवटी काळा. सगळे रंग झाले की अंडं मेणबत्तीच्या ज्योतीशेजारी धरून मेण हलकेच पुसून काढतात आणि झाकलेले रंग एकेक करून वर येतात. 2024 मध्ये या परंपरेला युनेस्कोच्या वारसायादीत स्थान मिळालं. रशियात झार तिसऱ्या अलेक्झांडरने 1885 मध्ये राणीसाठी फाबर्जे या जवाहिऱ्याकडून रत्नजडित अंडं करवून घेतलं, ती हौस क्रांतीपर्यंत चालली.

चॉकलेटचं पोकळ अंडं इंग्लंडात 1873 मध्ये ब्रिस्टलच्या फ्राय कंपनीने बाजारात आणलं. आपल्याकडे मुंबई-गोव्याच्या ख्रिस्ती घरांनी त्याच्या जोडीला मार्झिपानचं अंडं आणलं: मूळ बदामाचं मिश्रण, पण इथे बऱ्याचदा काजूचं, आणि वर साखरेची रंगीत फुलं.