माग थांबला की बाळ का चाळवतं?

सोलापूरच्या पूर्व भागात घराला लागूनच यंत्रमाग चालतात. दिवसभर खटखट सुरू असते आणि भिंतीपलीकडे झोळीतलं बाळ खुशाल झोपलेलं असतं. लाईट जाऊन माग एकदम बंद पडले, तर मात्र ते चाळवू शकतं. दर वेळी कारण तेच असेल असं नाही. भूक असते, उकाडा असतो, डास असतात. पण शांतता हीदेखील नवजात मेंदूला बातमी वाटते, हे प्रयोगांतून दिसलं आहे.

फिनलंडचे रिस्टो नाटानेन आणि सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये मोठ्या माणसांवर एक साधा प्रयोग केला. एकच स्वर पुन्हा पुन्हा ऐकवायचा आणि मध्येच क्वचित वेगळा स्वर टाकायचा. ऐकणाऱ्याचं लक्ष नसलं तरी त्या वेगळ्या स्वराला मेंदू विद्युत प्रतिसाद देतो. १९९० मध्ये हेलसिंकीत झोपलेल्या नवजात बाळांमध्येही असा प्रतिसाद नोंदवला गेला. डोक्याला चिकटवलेल्या इलेक्ट्रोडवर येणारा हा संकेत इतका क्षीण असतो, की शेकडो नोंदींची सरासरी काढल्यावरच तो दिसतो.

इथे शंका येईल: जुन्या स्वराने पेशी थकल्या, नव्या स्वराला ताज्या पेशी जाग्या झाल्या, एवढंच कशावरून नसेल? मला तरी या शंकेला सर्वांत चोख उत्तर २००९ च्या हंगेरीतल्या प्रयोगात मिळतं. दोन-तीन दिवसांच्या झोपलेल्या बाळांना ड्रमचा ठेका ऐकवला आणि मधूनच ठेक्यातला पहिला, मुख्य ठोका गाळला. भजनात पखवाजावरची सम चुकावी तसं. त्या जागी आवाजच नव्हता, तरी मेंदूने नोंद घेतली. बिनमहत्त्वाचे ठोके गाळल्यावर तसं झालं नाही. म्हणजे पुढे काय येणार याचा अंदाज बांधला जात होता आणि तो चुकला होता.

ही तयारी पोटातच सुरू होते. सातव्या महिन्याच्या सुमारास गर्भ आवाजांना प्रतिसाद देऊ लागतो. शेवटच्या महिन्यांत वारंवार ऐकवलेल्या निरर्थक शब्दातला सुराचा बदल ती बाळं जन्मानंतर अधिक ठळकपणे टिपतात, असं २०१३ मध्ये फिनलंडच्याच संशोधकांना आढळलं.

बाळ मागाच्या आवाजात झोपतं म्हणून तो आवाज निरुपद्रवी ठरत नाही. मेंदूने दुर्लक्ष केलं तरी कानातल्या नाजूक पेशींना मार बसायचा तो बसतोच. झोळी कारखान्याच्या भिंतीपासून जितकी लांब तितकी बरी.

आणि ताट वाजवून बाळाचा कान तपासण्यावर विसंबू नये. बाळ हवेच्या झोताने किंवा हादऱ्यानेही दचकतं आणि थोडं कमी ऐकू येणारं बाळही मोठ्या आवाजाला दचकतं. मेंदूच्या अंदाजाचा वरचा संकेत एकेका बाळाच्या निदानाला पुरेसा भरवशाचा नाही. त्यासाठी ओएई (आवाजाला आतल्या कानातून परत येणारा क्षीण प्रतिध्वनी टिपणारी) आणि बेरा (आवाजाला कानाच्या नसेचा व मेंदूतल्या श्रवणमार्गाचा विद्युत प्रतिसाद मोजणारी) या वेगळ्या चाचण्या आहेत; ओएई तर झोपेत काही मिनिटांत होते. पहिल्या एक-दोन दिवसांत कानात द्रव असल्याने ती कधी कधी नापास येते, तेव्हा घाबरून न जाता पुन्हा करायची. पहिली तपासणी महिन्याच्या आत, पक्कं निदान तीन महिन्यांपर्यंत आणि गरज असल्यास श्रवणयंत्र वगैरे उपचार सहा महिन्यांच्या आत, असा जगभर मान्य असलेला क्रम आहे.