ठशांची भेटकार्डे

ठशांची भेटकार्डे : कोरलेला ठसा शाईच्या गादीवर दाबून जाड कागदावर उमटवणे आणि त्या कागदातून शुभेच्छापत्र, आहेराचे पाकीट, राखीचे कार्ड, तिळगुळाची डबी अशा लहान भेटवस्तू घडवणे, ही घरगुती हस्तकला. ठसा रबराचा, लाकडाचा किंवा पारदर्शक पॉलिमरचा असतो. खोडरबराचा, बटाट्याचा, भेंडीचाही चालतो. ‘स्टॅम्प’ या एका शब्दात आपण ठसा, शिक्का आणि टपालाचे तिकीट हे तिन्ही कोंबतो, आणि यांतल्या टपालाच्या तिकिटाशी नाशिकचे जुने नाते आहे. हिंदुस्थानची टपाल तिकिटे पूर्वी लंडनची दे ला रू कंपनी छापत असे. १९२५ मध्ये नाशिकरोडला सरकारी छापखाना सुरू झाला आणि ते काम इकडे आले. नवी दिल्लीच्या उद्घाटनानिमित्त १९३१ साली निघालेली चित्रमय तिकिटे इथलीच. नाशिकरोडला आजही ‘ते प्रेसमध्ये आहेत’ म्हटले की वर्तमानपत्र कुणाच्या मनात येत नाही. हा छापखाना येतो.

पूर्वपीठिका : ठसा उमटवण्याची सवय मराठी घराला नवी नाही. शुभकार्यात भिंतीवर उमटवलेले हळदीकुंकवाचे थापे, उंबऱ्याशी रांगोळीच्या छापाने काढलेली लक्ष्मीची पावले, वारकऱ्याच्या कपाळावरची मुद्रा, ही सगळी ठशांचीच कामे. पत्राशी असलेले ठशाचे नाते तर भाषेतच मुरले आहे. शिवकालीन पत्राच्या माथ्यावर शिक्का असे आणि मजकूर संपला तिथे मोर्तब. छत्रपती शिवाजी महाराजांची राजमुद्रा अष्टकोनी. मोर्तबेवरची अक्षरे ‘मर्यादेयं विराजते’, म्हणजे पत्राची हद्द इथे संपली, यापुढे कोणी शब्द घुसडू नये. ‘शिक्कामोर्तब’ हा शब्द या दोन ठशांचा जोड आहे. चांगल्या ठसाकार्डातही हीच जोडी असते: दर्शनी बाजूला मोठा ठसा आणि आत सहीखाली नखाएवढा छोटा. तो छोटा ठसा राहून गेला तर कार्ड अर्धे वाटते, असे नोंदकाराचे ठाम मत आहे.

छापील भेटकार्डाचा रिवाज मात्र इंग्लंडचा. हेन्री कोल या इंग्रज सरकारी अधिकाऱ्याने १८४३ मध्ये जॉन कॅलकॉट हॉर्सली या चित्रकाराकडून नाताळसाठी काढून घेतलेले कार्ड हे विक्रीला आलेले पहिले मानतात. रबर गंधकासह तापवले की टिकाऊ होते, हे चार्ल्स गुडइयर या अमेरिकन संशोधकाला १८३९ मध्ये उमगले. रबरी शिक्के त्यानंतरच्या काही दशकांत आले आणि कचेऱ्यांत स्थिरावले. हौशी हातांत ते बरेच उशिरा पोचले.

ठसा कोरणे : या कलेचा खरा जीव इथे आहे, म्हणून थोडे सविस्तर. विकतचे ठसे चांगले असतात, पण त्यांवर देवनागरी फारसे मिळत नाही आणि फुले बहुधा परदेशी असतात. मोठे, मऊ खोडरबर आणि लिनो (छपाईसाठी कोरतात तो मऊ तक्ता) कोरायचे पाते एवढ्यावर घरी ठसा होतो. अक्षर उलटे कोरावे लागते आणि पहिली फसगत इथेच होते. उलटे काढायला बसूच नये. बटर पेपरवर मऊ पेन्सिलीने शब्द सुलटा लिहावा, कागद रबरावर पालथा ठेवावा आणि चमच्याच्या पाठीने घासावा. शिसे खाली उतरते आणि अक्षर आपोआप उलटे येते. कोरताना पाते रेषेपासून बाहेरच्या बाजूला कलते धरावे, म्हणजे रेषेचा पाया रुंद राहतो. रेषेच्या पोटाखाली कापले गेले तर ती पोकळ होते आणि चार-दोन छापांतच तुटते.

देवनागरीला शिरोरेखेचा मोठा आधार मिळतो. आधी ती आडवी पट्टी कोरून घेतली की अक्षरे तिला लोंबवता येतात आणि सगळा शब्द एका ओळीत बांधला जातो. सुटी सुटी उभी राहणारी रोमन अक्षरे सरळ ठेवणे त्या मानाने अवघड. आपल्याकडे त्रास देतात ती बंद पोटाची अक्षरे, ‘ब’, ‘व’, ‘ष’ ही. आतली पोकळी टाचणीच्या डोक्याएवढी राहिली तर ती शाईने बुजते. ‘शुभेच्छा’मधला ‘च्छ’ नवख्या हाताला सहसा साधत नाही. ‘आनंद’पासून सुरुवात करावी.

नक्षीसाठी लांब जावे लागत नाही. येवल्याची पैठणी याच जिल्ह्यातली. तिच्या नारळी काठातला एकच त्रिकोणी नमुना कोरला आणि कार्डाच्या कडेने ओळीत उमटवत नेला की काठ तयार होतो. मोर आणि मुनिया मात्र सावकाश शिकावेत. जिल्ह्याच्या पश्चिमेकडच्या डोंगराळ पट्ट्यात वारली वस्ती आहे, आणि त्यांच्या चित्रांतला माणूस म्हणजे टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण. खोडरबराचा एक त्रिकोण दोनदा उमटवला की धड होते, हातपाय पेनने ओढता येतात. पेन्सिलीच्या टोकाचे गोल रबर जांभळ्या शाईत बुडवून टिपके उतरत्या ओळींत दिले की द्राक्षांचा घड. सहा-सात वर्षांच्या मुलांनाही हा घड जमतो, आणि प्रत्येक टिपका थोडा वेगळा पडल्यानेच तो खरा दिसतो.

भाज्यांचे ठसे एका दिवसाचे सोबती. जून भेंडी आडवी कापली की पाकळ्यांचे फूल मिळते. चिकट रस जुन्या कपड्याने टिपून अर्धा तास वाळू द्यावा, नाहीतर रंग घसरतो. लासलगावच्या बाजाराने ओळखल्या जाणाऱ्या या जिल्ह्यात कांद्याला विसरून कसे चालेल? लाल कांदा मधोमध आडवा चिरून वर्तमानपत्रावर दोन-तीन तास पालथा ठेवला की पाणी निथळते, आणि मग त्याची एकात एक वर्तुळे सुरेख उमटतात. यासाठी पोस्टर कलर घट्ट वापरावा.

शाई आणि पाऊस : शाई मुख्यतः दोन प्रकारची. डाय शाई कागदात मुरते आणि लवकर वाळते, पण उन्हात फिकी पडते. पिगमेंट शाई कागदाच्या वर बसते, रंग दाट देते आणि सावकाश वाळते. ती ओली असतानाच एम्बॉसिंग पावडर भुरभुरून हीट गनने (अतिशय गरम हवेचा झोत सोडणाऱ्या यंत्राने) तापवली की पावडर वितळून उठावदार, चकचकीत रेष होते. केस वाळवायचे यंत्र इथे उपयोगाचे नाही; ते पावडर उडवते आणि पुरेसे तापतही नाही. सुकी पावडर नको तिथे चिकटू नये म्हणून आधी कागदावर टाल्कम पावडरचा हलका हात फिरवतात.

राख्या आणि गणपती दोन्ही पावसाळ्यात येतात. दमट हवेत पिगमेंट शाई दुसऱ्या दिवशीही बोटाला लागते आणि जाड कागद कडेने वळतो. त्या दिवसांत डाय शाईच बरी. कागद सपाट डब्यात, औषधांच्या बाटल्यांतून निघणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावा. ठसे पाण्याने पुसून उन्हाआड ठेवावेत. पारदर्शक ठसे उन्हाने पिवळे पडतात.

कागद आणि घडी : रोजचा झेरॉक्सचा कागद ७० ते ८० जीएसएमचा (एका चौरस मीटरचे वजन ग्रॅममध्ये) असतो, कार्डाला २०० ते ३०० जीएसएम लागतो. ए४ कागद (२१० × २९७ मिमी) आडवा अर्धा कापला की दोन तुकडे होतात आणि प्रत्येकाची घडी घालून १०५ × १४८ मिमीचे कार्ड मिळते. कागदाला लाकडासारखा धागा असतो. घडी धाग्याच्या दिशेने घातली तर ती स्वच्छ बसते, आडवी घातली तर पाठीवर भेगा पडतात. कागद दोन्ही बाजूंनी हलके वाकवून पाहावा. ज्या दिशेच्या घडीला कमी विरोध होतो, त्या दिशेने धागा. घडीआधी संपलेल्या बॉलपेनने पट्टीला धरून चर ओढून घ्यावा. हातकागद, म्हणजे चिंध्यांच्या लगद्याचा कागद, दिसायला सर्वांत देखणा. दौलताबाद आणि जुन्नर ही त्याची जुनी ठिकाणे, तर पुण्यात १९४० पासून हातकागद संस्था आहे. मात्र त्याच्या खडबडीत अंगावर बारीक अक्षर तुटते. त्यावर ठळक, मोठा ठसाच द्यावा.

लहान भेटवस्तू : संक्रांतीच्या तिळगुळाची डबी १५ सेमी चौरस कागदातून होते. चारही बाजूंनी ५ सेमीवर चर ओढले, कोपऱ्यांना एकेक काप दिला आणि चिकटवले की ५ सेमीची घनाकार डबी. झाकणाला ९.२ सेमीचा चौरस आणि २ सेमीवर चर, म्हणजे झाकण ५.२ सेमीचे. दोन मिलिमीटरची ही सूट सोडली नाही तर झाकण बसत नाही. ठसे कागद सपाट असतानाच उमटवावेत. उभ्या डबीवर दाब द्यायला आतून आधार नसतो. हळदीकुंकवाच्या वाणासाठी अशा डब्या छान होतात.

राखीच्या कार्डाला मधोमध दोन खाचा देऊन दोरा त्यांतून ओवतात, म्हणजे राखी पाकिटात हलत नाही. दसऱ्याला कागदी आपट्याची पाने करणे तर मनापासून सुचवावेसे वाटते. सोने वाटण्यासाठी आपट्याच्या फांद्या ओरबाडल्या जातात, आणि आपटा म्हणून पुष्कळदा कांचनाची पाने विकली जातात. गळालेले एकच पान घ्यावे, शिरा उठून दिसणाऱ्या मागच्या बाजूला सोनेरी शाई लावावी आणि ते घडी घातलेल्या कागदावर दाबावे. त्या एका पानातून बरीच पाने होतात, शिरांसकट.

टपालाने पाठवताना : २५० जीएसएमचे, ए४च्या अर्ध्या तुकड्याचे कार्ड सुमारे ८ ग्रॅम भरते, म्हणजे पाकिटासकट २० ग्रॅमच्या पहिल्या टप्प्यात ते सहज बसते. मणी, बटणे, जाड फिती लावल्या की वजनाबरोबर जाडीही वाढते. असे पाकीट पेटीत न टाकता टपाल कार्यालयाच्या खिडकीवर द्यावे. टपाल खात्याच्या ‘माय स्टॅम्प’ योजनेत २०११ पासून स्वतःचे छायाचित्र असलेली तिकिटे करून मिळू लागली, तीही अशा पाकिटावर शोभतात. पाकिटाच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात मात्र आपला ठसा उमटवू नये. ती जागा तिकिटाची, आणि त्यावर पडणाऱ्या तारखेच्या शिक्क्याची.